चाळणीतून गेलेली पुस्तिका

खिरवाडीच्या केळी संघात खोलीचं दार उघडायला किल्ली लागत नसे, वाचता यावं लागे. प्रत्येक दाराशेजारी हातभर रुंद पडदा होता आणि पडद्यावर त्या खोलीची पुस्तिका. सकाळी आठची पाळी लागली की इंदू तायडे पदर खोचून पडद्यापुढे उभी राही आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात करी. बाकीचे सहा जण उपड्या क्रेटवर बसून ऐकत. एक भाग वाचून संपला की इंदू पडद्यावरच्या ‘झालं’वर बोट ठेवी, भिंतीतली यंत्रं घरघरू लागत, आणि मग पुढचा भाग.

सुमेधा बेंडाळेने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला हसू आवरेना. पुण्यात बारा वर्षं मोठमोठ्या कंपन्यांच्या प्रणाली उभ्या करून ती माहेरच्या मुलखात सल्लागार म्हणून आली होती, आणि इथे मोठी माणसं पोथी ऐकावी तशी यंत्राची सूचना ऐकत बसली होती. संघाच्या कारकून भावना नेहेते सोबत होत्या. त्यांना सुमेधा म्हणाली, ‘‘आरती कधी असते?’’ भावना कसनुशा हसल्या. मॅडम हसल्या की आपणही हसावं, एवढं त्या नोकरीत शिकल्या होत्या.

आता ही पुस्तिका म्हणजे काय ते सांगायला हवं. पूर्वी प्रत्येक यंत्राला सुतळीने बांधलेलं एक चोपडं असे. ते कुणी वाचत नसे आणि यंत्राला तर त्याचा पत्ताच नसे. मग चालत्या पुस्तिका निघाल्या. ही एक अगदी साधी फाइल. ओळीच्या सुरुवातीला एक-दोन खुणा केल्या की ते शीर्षक होतं, तारा केला की यादी होते. असल्या लिखाणाला खूणलेख म्हणू लागले. माणसासाठी मजकूर लिहायचा आणि मध्ये मध्ये, वर-खाली तीन-तीन टिंबांचं कुंपण घालून, यंत्रासाठी आज्ञांचा ठोकळा ठेवायचा. ठोकळ्याच्या माथ्यावर तो कोणत्या आज्ञाभाषेत आहे तिचं नाव. पुस्तिका वाचता वाचता माणूस ठोकळ्यापाशी आला की यंत्र तो ठोकळा चालवतं. माथ्यावर नाव नसेल किंवा ‘मजकूर’ असं लिहिलेलं असेल, तर यंत्र त्याला माणसांच्या गप्पा समजून सोडून देतं.

खिरवाडीत ही सोय विशेष कामाची होती, कारण इथे झोपखोल्या होत्या. खोलीतली हवा काढून तिथे नायट्रोजन भरला की हिरवी केळी चार-चार महिने पिकतच नाहीत, झोपून राहतात. आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू एकवीस टक्के असतो, झोपखोलीत तो दोन टक्के ठेवतात. केळ्याला त्यात झोप लागते. माणसालाही लागते, फक्त तो उठत नाही. म्हणून दार उघडण्याआधी पंखे लावून खोलीत बाहेरची हवा भरावी लागे.

सुमेधाला बोलावलं त्यामागे एक लाजिरवाणी गोष्ट होती. आदल्या साली कुणीतरी चार नंबरच्या पुस्तिकेत अकरा नंबरचा ठोकळा उचलून जसाच्या तसा चिकटवला आणि खोलीभर केळी काळी पडली. संचालक मंडळाने त्यावर तीन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत एकमेकांवर खापर फोडलं, दुसरीत भरीत-पुरीचा बेत फार उत्तम झाला, आणि तिसरीत असं ठरलं की पुस्तिका कुणीतरी तपासल्या पाहिजेत, पण आपण नव्हे. अध्यक्ष वासुदेवअप्पा फिरके यांना कुणीतरी सांगितलं की हल्ली तपासायलाही यंत्र मिळतं. अप्पांना यंत्रं फार आवडत, कारण यंत्र बैठकीत प्रश्न विचारत नाही.

सुमेधाने जी व्यवस्था बसवली तिचं नाव तिने चाळणी ठेवलं. काम तिने चोख केलं, ते नाकारून चालणार नाही. चाळणीचे दोन पदर होते. पहिला पदर मजकूर बघे: शीर्षकं क्रमाने आहेत का, ओळ ऐंशी अक्षरांपेक्षा लांब आहे का, यादीच्या आधी मोकळी ओळ सोडली आहे का. दुसरा पदर पुस्तिकेतले ठोकळे उचलून बाहेर काढी, माथ्यावरचं नाव वाची आणि ज्याच्या त्याच्या भाषेच्या परीक्षकाकडे धाडी. काय चालेल नि काय नाही ते एका नियमपत्रात लिहिलेलं. कुणीही पुस्तिकेत बदल केला की ती आपोआप चाळणीत पडे, चूक सापडली तर लाल होऊन परत येई आणि चूक नसली तर हिरवी खूण लागून दारावर जाई. चुकांना सुमेधा खडे म्हणे. पहिल्याच दिवशी दोनशे चौदा पुस्तिकांतून चाळणीने अकरा हजार खडे काढले आणि अप्पांनी पेढे मागवले.

त्यातले तेराशे खडे एकट्या यादव सपकाळेच्या पुस्तिकांत होते. यादव हा गोदामाचा मुकादम. नोकरीला तेवीस वर्षं, शिक्षण सातवी. झोपखोल्या आल्यापासून त्यांच्या पुस्तिकांचा मजकूर तोच सांगे आणि भावना टंकून घेत. सुमेधाने त्याची नऊ नंबरची पुस्तिका सर्वांपुढे वाचून दाखवायची ठरवली. तिच्या मते तो प्रशिक्षणाचा भाग होता. खरं म्हणजे तिला मजा घ्यायची होती, आणि ती घेण्याइतका श्रोतृवृंद तिथे जमलेला होता.

तिने यादवचाच हेल काढून वाचलं. ‘दार उघडायच्या आधी बसा. ही खोली साधी नही. दोन हजार छत्तीस साली भिका इंगळे हिच्यात गेला. त्याले वाटलं, एक घड काढून येतो, किती वेळ लागते. भिकाची बायको तवा मुक्ताईनगरले माहेरी गेली होती. भिकाने सकाळी दोन भाकरी खाल्ल्या होत्या...’ आणि असं चार पानं. भिका कसा चालायचा, कसा हसायचा, त्याला कोणती बिडी लागे, तो कुठल्या पावलाला पडला. शेवटी त्याच्या तीन मुलांची नावं, आणि ती नावं सर्वांनी मोठ्याने घ्यावीत अशी सूचना.

‘‘भिकाच्या भाकरीचा यंत्रणेशी संबंध काय?’’ सुमेधाने विचारलं. सगळे हसले. संचालक हसले, कारकून हसले, क्रेटवर बसून पुस्तिका ऐकणारे दोघे-तिघेसुद्धा खाली मान घालून हसले. इंदू तायडे हसली नाही. यादव टोपी हातात घेऊन उभा होता. तो एवढंच म्हणाला, ‘‘वाचाले वेळ लागते, ताई. लागू द्या.’’

‘‘तोच तर दोष आहे, सपकाळे,’’ सुमेधा म्हणाली.

त्याच आठवड्यात भावनांनी चार पानांच्या दोन ओळी केल्या. पंखे सुरू करा. दार उघडा. दोन्ही ओळी ऐंशी अक्षरांच्या आत होत्या.

मजकूर असा साफ झाला तरी ठोकळ्यांचं घोडं अडलेलंच होतं. जुन्या दारांवर प्राणवायू मोजायची जी मापकं होती त्यांची आज्ञाभाषा जुनी, आणि चाळणीच्या दुसऱ्या पदराला ती खपेना. ‘ही आज्ञा कालबाह्य आहे’ असं म्हणून तो असले सेहेचाळीस ठोकळे लाल करून परत पाठवी. नऊ नंबरच्या दाराचा असाच एक ठोकळा होता. त्यात लिहिलं होतं की खोलीतला प्राणवायू मोज, आणि तो साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली असेल तर दाराची कडी आवळून ठेव. ठोकळा जुना होता, कुरूप होता, आणि चालत होता. तो नव्या भाषेत लिहायचा तर प्रत्येक दाराशी जाऊन मापकावर करून बघावा लागणार. सुमेधाच्या हिशेबाने दोन आठवड्यांचं काम.

आणि परदेशी खरेदीदारांची पाहणी मंगळवारी होती. त्यांना गोदामात शिरल्या शिरल्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर दोनशे चौदाच्या दोनशे चौदा पुस्तिका हिरव्या दिसतील, असा शब्द अप्पा देऊन बसले होते. अप्पांना पुस्तिका म्हणजे काय ते धड माहीत नव्हतं. हिरवा रंग मात्र ओळखता येत होता.

सोमवारी दुपारी सुमेधा जळगावात होती. तिथल्या उद्योजकांच्या एका मंडळाने चाळणीबद्दल तिचा सत्कार ठेवला होता. शाल खांद्यावर, नारळ काखेत आणि ताट हातात अशा अवस्थेत तिला भावनांचा फोन आला. सेहेचाळीस ठोकळे अजून लाल आहेत, काय करू, असं भावना विचारत होत्या. आवाज रडवेला होता.

सुमेधाला तिडीक आली. या बाईला एक गोष्ट स्वतःहून सुचत नाही, त्या मुकादमाचे गंजके ठोकळे आपल्या ताटात येऊन पडतात, आणि समोरची रांग पुढे सरकत चालली आहे. ती म्हणाली, ‘‘त्यांच्या माथ्यावर ‘मजकूर’ लिहून टाका. एकदम सगळ्यांना, चाळणीच्या आपोआप दुरुस्तीतून. माथ्यावर ‘मजकूर’ असलेल्या ठोकळ्यात चाळणी खडे बघत नाही.’’

मग भावना म्हणाल्या, ‘‘पण मॅडम, मग यंत्रही ते चालवणार नाही ना?’’

‘‘एक दिवस नाही चाललं तर केळी काय पळून जाणारेत? बुधवारी बघू.’’

हा प्रश्न कारकून बाईला पडला आणि सल्लागार बाईला पडला नाही, एवढं लक्षात ठेवा. सुमेधाला माहीत नव्हतं असं नाही. तिला त्या सर्व खोलीत, ताट धरून उभ्या असलेल्या सर्वांपेक्षा जास्त माहीत होतं. पण ते ठोकळे कुणाचे होते हे आठवून तिने नाक मुरडलं, आणि नाक मुरडताना माणसाचे डोळेही जरा मिटतात.

मंगळवारी भिंत हिरवी झाली. परदेशी पाहुण्यांनी फोटो काढले, अप्पांनी फोटोत मध्यभागी जागा पटकावली. बुधवारी सुमेधाला इतर संघांची माणसं भेटायला आली. त्यांनाही चाळणी हवी होती. एका मोठ्या रुग्णालयाचा माणूस आला, एका धरणाचा आला. सुमेधाने त्यांना चाळणी दिली, नियमपत्र दिलं, आणि अडलेल्या ठोकळ्यांचं काय करायचं ती सोपी युक्तीही हसत हसत दिली. बुधवार संपला. ठोकळ्यांकडे बघायचं राहून गेलं.

गुरुवारी सकाळी आठला नऊ नंबरची खोली उघडायची होती. तीन महिन्यांनी प्रथमच. इंदू तायडे पदर खोचून पडद्यापुढे उभी राहिली. माणसं क्रेट उपडे करून बसायला लागली, पण बसायला वेळच मिळाला नाही. इंदूने वाचलं, पंखे सुरू करा, आणि ‘झालं’वर बोट ठेवलं. पंखे फिरू लागले. तिने वाचलं, दार उघडा. तिसरी ओळ शोधायला तिने पडदा खाली सरकवला. खाली एका करड्या चौकटीत काहीतरी लिहिलेलं होतं, पण ते वाचायचं नसतं हे तिला माहीत होतं. ते यंत्राचं असतं. सगळं मिळून दहा सेकंदसुद्धा झाले नसतील. तिने कडीला हात घातला. कडी उघडी होती, म्हणून तिने दार ओढलं आणि आत पाऊल टाकलं.

सुमेधा समोरच्या कचेरीत चहा पीत होती. तिला ओरडा ऐकू आला तो प्रल्हादचा. प्रल्हाद हा इंदूच्या पाळीतला हमाल. ती धावत बाहेर आली तेव्हा प्रल्हाद नऊ नंबरच्या दाराकडे झेपावत होता आणि यादव सपकाळेने त्याला मागून कमरेला मिठी मारली होती. प्रल्हाद त्याला शिव्या देत होता, कोपराने हाणत होता. यादवच्या नाकातून रक्त येत होतं, पण त्याने सोडलं नाही. दाराच्या आत दोन पावलांवर इंदू पालथी पडली होती. तिच्या हिरव्या बांगड्या दिसत होत्या इतकी जवळ.

‘‘तू गेला तर दोन होतीन,’’ यादव प्रल्हादला म्हणाला. मग त्याने घड ओढायची लांब आकडी मागितली. दारात आडवं पडून, तोंड बाहेर ठेवून, त्याने ती आकडी इंदूच्या खोचलेल्या पदरात अडकवली. पदर फाटला. दुसऱ्यांदा त्याने ती कमरेच्या गाठीत अडकवली आणि सहा जणांनी आकडी ओढली. इंदू बाहेर आली तेव्हा तिचे ओठ जांभळे पडले होते. साडेतीन मिनिटं झाली होती. घड्याळ सुमेधाने पाहिलं, कारण त्या वेळी तिला करता येण्यासारखं तेवढंच होतं.

इंदू वाचली. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले, मुलीला ओळखलं, पाणी मागितलं. डॉक्टरांनी सांगितलं की नशीब चांगलं. सुमेधा भेटायला गेली तेव्हा मुलगी आईला औषधाच्या वेळा लिहिलेला कागद दाखवत होती. इंदूने कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि फरशीवरची नक्षी बघावी तसं त्याच्याकडे बघितलं.

‘‘हे काय काढेल हाये?’’ तिने विचारलं.

मुलीला वाटलं आई थट्टा करते. मग तिला कळलं. मेंदूला हवा मिळाली नाही तेवढ्या वेळात बाकी सगळं शाबूत राहिलं होतं आणि अक्षरं तेवढी गेली होती. ती परत येतील का, हे डॉक्टरांना सांगता येईना. पाळीतल्या सहा जणांपैकी धड वाचता येणारं दुसरं कुणी नव्हतं. इंदूने रात्रशाळेत जाऊन, सासूची बोलणी खाऊन, तिशीत अक्षर कमावलं होतं. सुमेधा खोलीबाहेर आली आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसली. बाकावर आधीच यादव बसला होता, नाकावर पट्टी लावून.

मग सुमेधाने विचारलं, की त्या चार पानांत एवढं काय होतं. विचारताना तिने पहिल्यांदा त्याला यादवभाऊ म्हटलं.

यादवने सांगितलं ते असं. पंखे लावल्यावर खोलीत माणसाजोगी हवा यायला अकरा मिनिटं लागतात. भिका गेला तेव्हा दाराशी घड्याळ टांगलेलं होतं. त्यावर अकरा मिनिटं मोजायची असा नियम होता. पण कामाच्या घाईत घड्याळाकडे बघत उगाच उभं राहणं कुणाच्या जिवावर येत नाही? आठ मिनिटं झाली की म्हणत, झाली अकरा. ‘‘मानूस नुसता थांबत नही, ताई. त्याले काही ऐकाले असलं तर थांबते. म्हनून पंखे लागले की वाचाले मी भिकाची गोष्ट लिहेल होती. इंदूच्या वाचन्याने बरोबर अकरा मिनिटं होतात. मी तिच्याकडून तीनदा वाचून घेतलं, तवा भाकरीचं टाकलं. थोडी कमी पडत होती.’’

बारा वर्षं ती सुरक्षिततेच्या आराखड्यांवर व्याख्यानं देत हिंडली होती, आणि सातवी शिकलेल्या मुकादमाने माणसांच्या घाईला गोष्टीचं कुलूप घातलं होतं ते तिने ऐंशी अक्षरांच्या मापाने तोडलं. उरलं होतं ते यंत्राचं कुलूप तिने ताट हातात धरून काढलं. तिला स्वतःची शिसारी आली. इतरांविषयी वाटायची सवय असलेली ही भावना स्वतःविषयी वाटताना किती वेगळी लागते, हे तिला नवीन होतं.

महिनाभराने संघाने चौकशी समिती नेमली. समितीत अप्पा आणि त्यांचे दोन मेहुणे होते. समितीने नऊ नंबरची पुस्तिका उघडली. पुस्तिका हिरवी होती. चाळणीने पास केलेली, खडा एकही नाही, म्हणजे चाळणी निर्दोष, म्हणजे चाळणी आणणारे अप्पाही निर्दोष. ठोकळ्याच्या माथ्यावरचं नाव कुणी बदललं ते बदलांच्या नोंदीत बघितलं, तर तिथे माणसाचं नाव नव्हतं. ‘चाळणी, आपोआप दुरुस्ती’ एवढंच होतं. यंत्राला कुणी कोठडीत घालत नाही. पण पुस्तिकेच्या अगदी वरती, पहिल्या ओळीत, माहिती देणाऱ्याचं नाव होतं: यादव सपकाळे. दार त्याच्या ताब्यात, पुस्तिका त्याच्या नावाची, आणि बाई पडली तेव्हा तो हजर. अप्पांना इतकं सोयीचं नाव बऱ्याच दिवसांत मिळालं नव्हतं. पोलिसांत द्यायचा अर्ज तयार झाला. तोही खूणलेखात होता आणि त्यालाही हिरवी खूण होती.

समितीपुढे सुमेधाला बोलावलं ते केवळ चाळणी बरोबर चालते एवढं सांगायला. तिने ते सांगितलं. मग ती म्हणाली, ‘‘ठोकळा मी बंद केला. सोमवारी दुपारी, फोनवर, माझ्या तोंडून. भावनाताईंनी मला विचारलं होतं की यंत्र चालवणार नाही ना. मी ऐकलं नाही. भिकाची चार पानंही मीच कापायला लावली. यादव सपकाळेंचा यात काहीही दोष नाही.’’

अप्पांनी चष्मा काढला. ते नोंदीत कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. नोंदीत कुठेच नाही, सुमेधा म्हणाली. मग अप्पा फार प्रेमाने बोलले. नोंदीत नाही ते कशाला उकरायचं, बाई. तुमचं वय काय, तुमची कीर्ती काय. आणि अकरा संघांनी, एका रुग्णालयाने, एका धरणाने आपल्याकडे बघून चाळणी घेतली आहे. त्यांनी काय समजायचं? एका हमाल बाईला वाचता येईनासं झालं म्हणून जिल्ह्याची पत घालवायची का? मुकादम काय, निवृत्तीला आलेला आहे.

तेव्हा दाराजवळ बसलेल्या भावना नेहेते उठल्या. त्यांनी टेबलावर आपला फोन ठेवला. त्यात सोमवारच्या बोलण्याचं ध्वनिमुद्रण होतं. मॅडम भरभर बोलतात, काही सुटू नये, म्हणून त्या सगळे फोन टिपून ठेवत. इतके महिने दुसऱ्यांच्या हसण्यावर हसणाऱ्या या बाईने सर्वांना ते ऐकवलं. केळी काय पळून जाणारेत, हे वाक्य खोलीत दोनदा ऐकू आलं, कारण एका मेहुण्याला पहिल्यांदा नीट कळलं नाही.

यादववरचा अर्ज फाडावा लागला. त्याची माफी कुणी मागितली नाही. अप्पांना माफी हा शब्द फक्त कर्जापुढे लावायची सवय होती. सुमेधाने कागदावर, पेनाने, आपली कबुली लिहून खाली सही केली. तिचं काम त्या क्षणी सुटलं आणि पुढे पोलिसांकडे जाणं ओघाने आलंच. तिने जाताना एकच गोष्ट मागितली. समितीच्या पडद्यावर पाच मिनिटं.

चाळणी जिथे जिथे बसवली होती तिथून तिला रोज हिशेब येत असे: किती पुस्तिका, किती हिरव्या. तिने आजवर न विचारलेला प्रश्न विचारला. या सर्व पुस्तिकांत मिळून किती ठोकळ्यांच्या माथ्यावर ‘मजकूर’ लिहिलेलं आहे? पडद्याने क्षणात उत्तर दिलं. नऊ हजार दोनशे चौदा. दोन-तीनशे असणं साहजिक होतं, माणसं उदाहरणं देतात, नमुने देतात. चाळणी बसवण्यापूर्वीच्या प्रतींत तो आकडा तीनशेच्या आत होता.

‘‘यातले खरोखर मजकूर किती?’’ अप्पांनी विचारलं. त्यांनी आयुष्यात विचारलेला हा बहुधा पहिला कामाचा प्रश्न असावा.

सुमेधाने मान हलवली. चाळणीला ते सांगता येत नव्हतं. चाळणी तिथे बघत नाही, हीच तर तिने दिलेली युक्ती होती. भिंतीवर सगळ्या संघांच्या, रुग्णालयाच्या, धरणाच्या पुस्तिका एकसारख्या हिरव्यागार झळकत होत्या. त्या नऊ हजारांपैकी किती ठोकळ्यांच्या मागे एक दार आहे? आणि त्या दारापुढे, दोन ओळी वाचून, आत्ता कोण उभं आहे?